सुट्टीपुरती नोकरी

कॉलेजातल्या विद्यार्थ्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत नोकरी करावी, ही कल्पना ज्या कोणा सद्गृहस्थाला प्रथम सुचली, त्यानं मे महिना जालन्यात काढलेला नसावा. हा गृहस्थ थंड देशातला असणार. तिकडे म्हणे उन्हाळा लागला की पोरं शेजाऱ्यांच्या बागेतलं गवत कापतात, हॉटेलात बश्या विसळतात आणि त्या पैशांत गावोगाव हिंडून येतात. आमच्याकडे उन्हाळा लागला की कापायला गवत उरत नाही आणि विसळायला पाणी.

तरीसुद्धा जालन्याकडच्या पोरानं सुट्टीत नोकरी धरायची परंपरा जुनी आहे. मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. (गणित मला घेत नव्हतं, म्हणून मी इतिहास घेतला.) त्या नात्यानं या परंपरेची थोडी सनावळी सांगण्याचा मला अधिकार आहे असं मी समजतो. सनावळीचं तात्पर्य आधीच सांगून टाकतो, म्हणजे परीक्षेच्या दृष्टीनं वाचणाऱ्यांची सोय होईल. आमच्याकडे सुट्टीपुरती म्हणून धरलेली नोकरी सुट्टीबरोबर संपत नाही.

सुरुवात थेट समर्थांपासून करता येईल. रामदासस्वामींचा जन्म १६०८ सालचा, गाव जांब. आज ते जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येतं. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे असताना भटजी 'सावधान' म्हणाले आणि नवरदेव खरोखरच सावध होऊन पसार झाले, असं परंपरा सांगते. पुढं नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं आणि मग अवघा मुलूख. घरची मंडळी मांडवात म्हणाली असतील, जाऊ द्या, पोर आहे, चार दिवसांनी येईल. तो जो गेला तो आयुष्यभराच्या कामाला लागला.

दुसरा उमेदवार बाहेरचा. भोकरदनच्या बाजूला आसई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली नावाच्या इंग्रज सेनापतीची लढाई झाली. साहेबाचं वय चौतीस. आसईला उमेदवारी केली आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवून तो कायम झाला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणतात तो हाच. म्हातारपणी त्याला कोणी विचारलं की आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू सोडून आसईचं नाव सांगे. पहिल्या नोकरीची आठवण माणसाला कायम राहते, मग तो ड्यूक असो की कारकून.

तिसरे उमेदवार आमचे वडील.

वडिलांच्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होतं. राज्याचं विद्यापीठ हैदराबादला, उस्मानिया. १९१८ साली सुरू झालेलं आणि सगळं शिक्षण उर्दूतून. जवळचं कॉलेज म्हणजे औरंगाबादचं इंटरमीजिएट कॉलेज, १९२३ चं. १९०० साली सुरू झालेल्या मनमाड-हैदराबाद छोट्या रेल्वेत बसायचं आणि औरंगाबादला उतरायचं. हैदराबादपर्यंत जाण्याइतके पैसे असले तर गाडीत उलट्या दिशेनं बसायचं. वडील पैसे मोजत उर्दूत, रागावत मराठीत आणि आशीर्वाद देत संस्कृतात. परीक्षेला ते 'इम्तिहान' म्हणत आणि सुट्टीला 'तातील'. आम्हाला लहानपणी तातील हा एखादा आजार वाटे. शाळामास्तरांना तो दर उन्हाळ्यात होतो अशी आमची समजूत होती.

१९३८ साली उस्मानियातल्या आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं. बंदी आली, पोरांनी ऐकलं नाही, शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी झाली. नागपूर विद्यापीठानं त्यातल्या पुष्कळांना सामावून घेतलं. आमच्या वडिलांनाही नागपूरला जायचं होतं. पण आजोबांच्या हिशेबात नागपूर बसत नव्हतं. "तातील संपेपर्यंत जिनिंगात गठाणी मोज, मग बघू," असं आजोबा म्हणाले. वडील जिनिंगात जाऊन बसले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य भारतात आलं, तेव्हा ते गठाणीच मोजत होते. 'वंदे मातरम्'ची हकिगत ते दर वर्षी सांगत. गाणाऱ्यांची संख्या दर वर्षी थोडी वाढे, पण वडील नेहमी पहिल्या रांगेत असत. गठाण्यांची संख्या मात्र ते कधी सांगत नसत.

स्वातंत्र्यानंतर दिवस पालटले. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं आणि ज्यांच्या घरात पाटीसुद्धा आली नव्हती, त्या घरांतली पोरं कॉलेजात बसली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ निघालं. १९९४ पासून त्याला बाबासाहेबांचं नाव आहे. त्याच १९५८ साली जालन्यालाही जालना एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं. म्हणजे वडिलांना ज्यासाठी रेल्वेत बसावं लागलं, त्यासाठी आमच्या पिढीला भाड्याची सायकल पुरली. अर्थात सायकलीचं भाडं तासावर होतं आणि व्याख्यानं तासापेक्षा लांबत. व्याख्यान अर्धवट सोडून जाण्यामागं आमचा आर्थिक दृष्टिकोन असे, एवढीच नोंद इतिहासानं घ्यावी.

आता आमच्या खोलीकडं येतो.

ही खोली जुन्या जालन्यात होती. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुनं जालना आणि दुसऱ्या तीरावर नवं जालना. नवं जालना व्यापाऱ्यांचं. मोंढा तिकडे, पैसा तिकडे. 'जालना, सोन्याचा पाळणा' असं म्हणतात ते त्या तीराकडं बघून म्हणत असावेत. आमच्या तीरावरच्या खोलीत पाळणा टांगायला आढं मजबूत नव्हतं. माझं घर गावातच होतं. पण घरी अभ्यास होत नाही, असं सांगून मी बहुतेक मुक्काम खोलीवरच ठोकला होता. खोलीवरही अभ्यास होत नसे, पण तो चौघांच्या संगतीत होत नसे.

या चौघांना आम्ही नावानं कधी हाक मारली नाही. जो ज्या तालुक्याचा, ते त्याचं नाव. अंबडकर, भोकरदनकर, जाफराबादकर आणि परतूरकर. मी जालनेकर. त्या वेळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि परतूर तर परभणी जिल्ह्यात. त्यामुळं परतूरकराला आम्ही परराष्ट्रीय समजत असू आणि चहाचे पैसे त्याच्याकडून जकात म्हणून घेत असू. १ मे १९८१ रोजी सरकारनं जालना जिल्हा निर्माण केला. औरंगाबादेतून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद घेतले आणि परभणीतून परतूर. बरोबर हेच पाच! (पुढं बदनापूर, घनसावंगी, मंठा असे आणखी तालुके पडून आज आठ झाले.) जो जिल्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत १९७२ साली झाला होता, तो करायला शासनाला आणखी नऊ वर्षं लागली. आणि आमच्या जिल्ह्याचं मुख्यालय कुठं असावं यावर वादही झाला नव्हता. ज्या कोपऱ्यात स्टो, तिथं मुख्यालय.

दिवस एकाच चाकोरीत जात. सकाळी नळाची वाट बघायची. नळ न आल्यास कॉलेजात जायचं आणि आल्यास अंघोळ करायची. दोन्ही एका सकाळी क्वचित साधे. दुपारी खानावळ. बुधवारी रात्री कोणाच्या तरी ओसरीवर रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला. १९७२ साली शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला. त्यात मास्तराची जी दैना होते ती पाहून आमच्या प्राध्यापकांनी वर्गात आठवडाभर कोणालाही नैतिक उपदेश केला नाही.

फीचा प्रश्न ई. बी. सी.नं सोडवला होता. आई-बापाचं वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत असेल तर फी माफ. त्यामुळं वर्गातल्या निम्म्या पोरांच्या वडिलांना सालाचे अकराशे नव्याण्णव रुपये मिळत. उरलेल्या निम्म्यांना खरोखरच त्याहून कमी मिळत. जाफराबादकर या दुसऱ्या निम्म्यातला. पण खानावळीला ई. बी. सी. नव्हती. तिचे महिन्याचे पस्तीस रुपये रोख. जाफराबादकराचे पैसे मनिऑर्डरीनं येत आणि सोबतच्या कुपनावर गावच्या पोस्टमास्तराच्या अक्षरात एकच वाक्य असे, 'घरी सर्व ठीक आहे, अभ्यास कर.'

हा जाफराबादकर आमच्या खानावळीचा मुख्य टीकाकार होता. वरणावर त्याचा विशेष रोष. "मावशी, या वरणात पूर्णा नदी दिसायली, तळ दिसायलाय!" असं तो रोज नव्या उत्साहानं म्हणे. मावशी म्हणत, "तुमच्या पूर्णेला तरी यंदा एवढं पाणी हाय का, बाबा?"

मावशींचं खरं होतं. १९७२ चा पाऊस आलाच नाही. आदल्या दोन वर्षीही तो मोजूनमापूनच पडला होता. विहिरी आटल्या, जनावरं मिळेल त्या भावाला बाजारात गेली. रेशनवर अमेरिकेची मिलो आली. मिलो म्हणजे तांबडी ज्वारी. तिकडे म्हणे ती गुरांना घालतात. तिची भाकरी तोडताना दोन्ही हात लागत. अंबडकर म्हणायचा, "ही भाकरी नाही, हा परराष्ट्रसंबंध हाय. ताणला तरी तुटत नाही."

आणि अशा वर्षी आम्ही सुट्टीतल्या नोकरीचे बेत करत होतो!

बेत मोठे होते. अंबडकराचा मामा मुंबईला गिरणीत. तो म्हणाला, मी बदली कामगार म्हणून लागतो आणि जूनमध्ये मनगटावर घड्याळ बांधून येतो. भोकरदनकर टायपिंग शिकणार होता. मिनिटाला तीस शब्द झाले की सरकार आपल्याला घरी बोलवायला येतं, अशी त्याची श्रद्धा. परतूरकर औरंगाबादला एखाद्या छापखान्यात मुद्रितं तपासणार होता. त्याच्या स्वतःच्या ऱ्हस्व-दीर्घाकडं पाहता हा छापखान्यावर मोठा प्रसंग होता. मला सुट्टीत काहीही न करण्याची इच्छा होती. पण वडिलांनी १९३८ सालच्या गठाणी आठवून माझ्याकडं असं काही पाहिलं, की मी जाफराबादकराबरोबर दुष्काळी कामावर हजेरी लिहायला जायचं कबूल केलं. तिथं लिहितावाचता येणारी पोरं हवीच होती. मस्टर ठेवायचं, नावं पुकारायची, अंगठे घ्यायचे. बसून काम, सावलीत टेबल. जाफराबादकर म्हणाला, "साहेबासारखं राहू. एक शाईची दौत तू धर, एक मी धरतो."

त्याआधी राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर झालं. ही योजना १९६९ ची. १९७३ साली देशभरच्या शिबिरांना विषयच दिला होता, 'दुष्काळाविरुद्ध युवक'. आमचं पथक दुष्काळाविरुद्ध दहा दिवस उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर कॉलेज काढलं, तिथं मुलांनी श्रम करून शिक्षण घेतलं, असं एका सरांनी आम्हाला उद्‌घाटनाच्या भाषणात सावलीत उभं राहून सांगितलं. मग आम्ही बांध घालू लागलो. तासाभरानं शेजारच्या कामावरची एक म्हातारी आमच्याकडं आली आणि म्हणाली, "लेकरांनो, घमेलं पोटाशी नसतं धरत. आन हा बांध उताराला आडवा घाला. हा तर उभाच चाललाय, पाण्याला वाट दाखवत." दुष्काळाविरुद्ध युवक हे आमचं शिबिर, पण त्यात शिकवणारी युवती सत्तरीची होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं दौती घेऊन जाफराबाद तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर हजर झालो. त्या महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा मी नंतर पुस्तकात वाचला. तेव्हा समोर दिसत होती ती फक्त एक रांग. पण तिचं दुसरं टोक काही दिसत नव्हतं. तळपता माळ, खडी फोडल्याचा एकसारखा आवाज, बाभळीला बांधलेल्या झोळ्या, सुकडीच्या पातेल्याभोवती बसलेली पोरं. सावलीतलं टेबल हे खरं होतं, फक्त सावली दुपारी बारा वाजता टेबल सोडून जाई.

नवं मस्टर भरताना पहिल्या दिवशी एक अडचण आली. पुरुषांची नावं भराभरा लिहून झाली. बायकांची रांग आली आणि लेखणी अडली. बाई स्वतःचं नाव सांगे, पण नवऱ्याचं नाव विचारलं की पदर तोंडावर. लग्नकार्यात उखाण्यातून घ्यायचं ते नाव, टेबलाशी सरकारला कसं सांगायचं? मग मागची बाई पुढचीच्या नवऱ्याचं नाव सांगे आणि तिच्या नवऱ्याचं तिच्या मागची. हसणं, खाकरणं, "आगं सांग की तिच्या धन्याचं!" असं चालू. एवढ्या उन्हात त्या रांगेला हसू येत होतं याचं मला आजही नवल वाटतं.

जाफराबादकर मान खाली घालून लिहीत होता. मी अंगठे घेत होतो. "नाव सांगा," तो म्हणाला.

रांग गप्प.

"नाव सांगा, बाई."

"तुला ठावं नाही व्हय रे बापू?"

त्यानं मान वर केली. त्याची माय उभी होती. डोक्यावर चुंबळ, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. खडीवर काम करणारे हाताला चिंध्या गुंडाळतात. त्या नव्या नव्हत्या. दिवाळी झाल्यापासून ती कामावर होती. आधी दुसऱ्या कामावर, रस्त्याच्या खडीवर, ते काम सरलं म्हणून इकडं आलेली. घरी सर्व ठीक आहे, अभ्यास कर, हे तिनं तिथून रोजंदारीच्या पैशात पोस्टमास्तराकडून लिहवून घेतलेलं.

या वेळी मागच्या बाईला नवऱ्याचं नाव सांगावं लागलं नाही. जाफराबादकरानं मायचं पूर्ण नाव लिहिलं. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच लिहिलं असेल. ती थोडी वाकून कागदाकडं बघत होती. अक्षर ओळख नव्हती, पण म्हणाली, "मान वर ठेवून लिही. खाली मान घातली की रेघ तिरपी जाती." मग अंगठा पुढं केला. तो अंगठा मी घेतला. शाई नीट उठली नाही, कारण अंगठ्यावर रेषाच राहिल्या नव्हत्या.

रात्री तो मस्टरच्या मागच्या कोऱ्या कागदावर हिशेब करत बसला होता. बाईचा रोज तीन रुपयांच्या आतबाहेर. तोही मोजमाप भरलं तर. खानावळ महिना पस्तीस. "बारा दिवस," तो म्हणाला. "एक महिन्याचं वरण म्हंजे बारा दिवसांची खडी." एवढंच बोलला आणि कंदील मालवला.

सहा आठवडे आम्ही तिथं होतो. रोज सकाळी तो मायचं नाव पुकारी आणि ती इतरांसारखंच "हाय" म्हणे. पगार बाजाराच्या दिवशी व्हायचा. कधी कधी पैसे वेळेवर येत नसत आणि बाजार तसाच उठून जाई. त्या दिवशी रांगेतल्या कोणाच्या डोळ्यांकडं बघायचं आम्ही टाळत असू. जूनमध्ये पाऊस आला. तो बऱ्यापैकी आला. कामावरची माणसं अंगावर पाणी घेत तशीच घरांकडं धावली आणि आमचं टेबल माळावर एकटंच भिजत राहिलं.

कॉलेज सुरू झालं. घड्याळ बांधून येणारा अंबडकर आलाच नाही. गिरणीत बदलीचा कायम होईल म्हणून तिकडंच राहिला. बाकीचे आलो. पहिल्याच दिवशी खानावळीत तेच वरण समोर आलं. आम्ही सवयीनं जाफराबादकराच्या तोंडाकडं पाहिलं. तो जेवला. वाटी बोटानं पुसून घेतली आणि उठला. मावशी घाबरल्या. "बाबाला बरं नाही का?" असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. बी. ए. होईपर्यंत वरणाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मावशींना शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांचं वरण सुधारलं.

पुढचा इतिहास पुस्तकात आहे. १९७४ च्या आरंभी मराठवाड्यातले विद्यार्थी रस्त्यावर आले. निमित्त होतं परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोकऱ्यांचं. तिथल्या कारकून-शिपायांच्या जागा इथल्या पोरांना मिळाव्यात एवढी साधी मागणी. वसमतला गोळीबार झाला, त्यात विद्यार्थी गेले आणि आंदोलन 'मराठवाडा विकास आंदोलन' झालं. कॉलेजं ओस पडली. लांबून बघणाऱ्यांना प्रश्न पडला, की कारकुनाच्या जागेसाठी एवढं? त्यांनी मे महिन्यातली ती रांग पाहिलेली नव्हती. त्या रांगेतून जे पोर टेबलापर्यंत पोचलं होतं, त्याला टेबलाची किंमत ठाऊक होती.

खोलीतल्या जिल्ह्याचं पुढं असं झालं. अंबडकर गिरणीत राहिला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि तो काही संपला नाही. हा गडी परत आला आणि जालन्याच्या रिरोलिंग मिलमध्ये सळया मोजू लागला. आमच्या वडिलांनी त्याला बोलावून घेऊन मोजण्याची पद्धत समजावून सांगितली. भोकरदनकराची श्रद्धा खरी ठरली. तीस शब्दांवर तो सरकारात लागला आणि नवा जिल्हा झाल्यावर त्याच्याच कचेरीत बसू लागला. परतूरकर मराठीचा मास्तर झाला. त्याचे ऱ्हस्व-दीर्घ आता दोन-तीन पिढ्यांत पसरले आहेत.

आणि जाफराबादकर? रोजगार हमी योजना आली. दुष्काळ संपला तरी मागेल त्याला काम द्यायचं, ही वि. स. पागे यांची कल्पना. १९७७ साली तिचा कायदा झाला. कामं आली म्हणजे मस्टर आलं, मस्टर आलं म्हणजे हजेरी सहायक आला. तो काम असेल तेव्हा असायचा आणि नसेल तेव्हा नसायचा. कायम करा म्हणून असे हजारो जण वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, मोर्चे काढत राहिले. शेवटी नव्वदच्या दशकात सरकारनं त्यांना सेवेत सामावून घेतलं. म्हणजे सुट्टीपुरती म्हणून घेतलेली दौत त्यानं वीस वर्षांहून अधिक काळ धरली. समर्थांचा, आमच्या वडिलांचा आणि त्याचा असा हा एकच सांप्रदाय.

तो तलाव अजून आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात तो पुरता कोरडा पडला, मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोक '७२ ची आठवण काढू लागले. '७२ साली धान्य नव्हतं, या वेळी पाणी नव्हतं, एवढाच फरक. नंतरच्या पावसात तलाव पुन्हा भरला.

आता जालन्याहून मुंबईला वंदे भारत धावते. समृद्धी महामार्ग गावावरून जातो. २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्रही जालन्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात जाफराबादकराचा नातू पुण्याला एका कंपनीत दोन महिने इंटर्नशिपला निघाला. मी तिथंच बसलो होतो. आजोबांनी विचारलं, "पगार किती?"

"पगार नाही, आजोबा. प्रमाणपत्र मिळतं."

"आन जेवायचं?"

"मेस आहे. तिचे पैसे बाबा पाठवतील."

जाफराबादकर थोडा वेळ गप्प बसला. हिशेब करत असावा. मग म्हणाला, "जा. मान वर ठेवून काम कर. आन मेसमधल्या वरणाला नावं ठेवू नको."

नातवानं माझ्याकडं पाहिलं. आजोबांचं वय झालं, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी काही बोललो नाही. त्याला उशीर होत होता.